मेलेल्या राजाची आई

बार्नबीची आई केंटमधल्या खेड्यातून लंडनला आली, ती मुलाचं काम बघायला. नाटक तिनं आयुष्यात कधी पाहिलं नव्हतं. थेम्सपलीकडच्या नाटकघरात, उघड्या पटांगणातल्या गर्दीत, रंगमंचाला अगदी खेटून ती उभी राहिली.

शेवटच्या लढाईत राजा झालेल्या बार्नबीच्या छातीत तलवार घुसली आणि अंगरख्याखाली लपवलेली मेंढीच्या रक्ताची पिशवी फुटली.

"अरे देवा! माझ्या पोराला मारलं रे!" म्हातारी किंचाळतच रंगमंचावर चढली. डोक्याचं फडकं सोडून तिनं त्याच्या जखमेवर दाबून धरलं. सज्ज्यांत बसलेले सगळे प्रेक्षक खो-खो हसू लागले.

"महाराज, उठा, मातोश्री आल्यात!" खालून कुणीतरी ओरडलं.

बार्नबी डोळे घट्ट मिटून पडून राहिला. शरमेनं त्याचे कान तापले होते. शेवटी दोघांनी तिला ओढत खाली नेलं.

नाटक संपल्यावर रंगपटात मालक खेकसला, "कोण रे ती बाई?"

"मला काय माहीत? असेल कुणी वेडी," बार्नबी म्हणाला. मान वळवली, तर दारात आई उभी.



ती मालकाला म्हणाली, "चुकलंच माझं, साहेब. माझा मुलगा अगदी यांच्यासारखा दिसतो हो."