एक जूनची मुलं

"बाई, यात फागीचा पोर नाय," भागी म्हणाली आणि यादी तिने टेबलावर परत ठेवली.

उज्ज्वलाने मान वर न करता विचारलं, "नीट बघितलंत?"

"दोनदा बघला."

जव्हारमधल्या एका शाळेच्या रिकाम्या वर्गात विद्यापीठाचे दोन संगणक आणि एक प्रिंटर मांडलेला होता. पाड्यापाड्यांवरून आलेली मुलांची वजनं इथे भरायची आणि ज्यांची तब्येत अगदीच खालावली आहे त्यांची यादी काढायची, असं काम. उद्या सकाळी आठला जीप निघणार होती. यादीतली मुलं उपचाराला येणार, बाकीची घरीच राहणार. भागी पोशेऱ्याकडच्या एका पाड्यावरची अंगणवाडी सेविका. यादी घ्यायला ती सकाळच्या एसटीने आली होती.

उज्ज्वला विद्यापीठाच्या संगणक केंद्रातली. अकरा वर्षं संशोधकांची आकडेमोड करून देण्यात गेलेली. कामाला वाघ, पण चार माणसांपुढे बोलायचं म्हटलं की मागे सरायची. केंद्राचं प्रमुखपद रिकामं होणार होतं, म्हणून विद्यापीठाने तिला तीन दिवसांच्या नेतृत्व प्रशिक्षणाला धाडलं. तिथे तिने रंगीत कागदांवर स्वतःचे गुणदोष लिहून भिंतीला चिकटवले आणि तिन्ही दिवस चांगलं जेवून घरी आली. खरी परीक्षा हे जव्हारचं काम. तिच्या वरिष्ठ सरांनी तसं स्पष्टच सांगितलं होतं.

तिने फागीच्या मुलाची नोंद काढली. "हा बघा, रघु. वजन साडेसहा किलो. वय आठ महिने."

"आठ कशाचे? दिवाळीच्या पुढं झाला तो. ही दिवाळी नाय, तिच्या आधली. नागली झोडत व्हतो आम्ही. आता चालाय पायजे त्यानं, तर धड बसत नाय."

आठ महिन्यांचं मूल साडेसहा किलोचं असेल तर ते जरा अशक्त. पंधरा महिन्यांचं असेल तर ते जीपमध्ये पहिलं बसायला हवं. उज्ज्वलाने जन्मतारीख पाहिली. एक जून. वरच्या मुलाचीही एक जून. खालच्या चौघांचीही. तीनशे बारा मुलांपैकी दोनशे चार मुलं एक जूनला जन्मली होती.

"भावेश, हे काय आहे?"

भावेश जव्हारचाच, दोन मुलांचा बाप, आकडे भरायला रोजंदारीवर घेतलेला. "वहीत तारखा नव्हत्या, मॅडम. कोणाचं होळीला, कोणाचं लावणीच्या दिवसांत, असंच लिहिलेलं. आणि तारीख टाकल्याशिवाय प्रोग्रॅम पुढे जात नाही. तुम्हाला फोन केला, तर तुम्ही म्हणालात, रिकामं सोडू नका, काहीतरी टाका. शाळेत टाकतात तीच टाकली. माझीपण एक जूनच आहे."

तो फोन तिला आठवला. ती दुसऱ्या कामात होती. अर्ध्या मिनिटात तिने त्याची बोळवण केली होती. आधी तिला लाज वाटली आणि मग भीती.

"रघुचं नाव मी आत्ता हाताने घालते," ती म्हणाली.

"आन् बाकीच्यांचा?" भागीने विचारलं.

एक नाव घातलं असतं तर कोणाला काही कळलं नसतं. यादी वेळेत, सर खूश, पद तिचं. हे सगळं उज्ज्वलाच्या मनात येऊन गेलं, आणि आलं याचंच तिला वाईट वाटलं. सवयीने तिने कीबोर्ड पुढे ओढला. दोनशे चार नोंदी ती एकटी उरकू शकली असती. पण कोणतं मूल कधी जन्मलं हे तिला जन्मभर तिथे बसूनही कळलं नसतं. ते भागीला ठाऊक होतं, आणि भागीसारख्या आणखी सहाजणींना.

ती खुर्चीवरून उठली. "भावेश, तुम्ही इथे बसा. भागीताई, तुम्ही त्यांच्या शेजारी. सण कोणता, शेतात काम कोणतं, त्यावरून महिना काढा. तुम्ही दोघं ठरवाल तो खरा."

फोन दाराजवळच्या स्टुलावर होता. ती तिकडे निघाली तसा भावेश मागोमाग आला आणि हळूच म्हणाला, "सरांना माझं नाव सांगा, मॅडम. मी रोजंदारीचा माणूस, दुसरं काम बघेन. तुमचं मोठं अडकेल."

"जागेवर जाऊन बसा," ती म्हणाली.

सरांनी तिचं पहिलं वाक्यही पुरतं ऐकलं नाही. उद्या साहेब लोक येणार होते, त्यांच्यासमोर जीप सुटायची होती. "यादी चुकली म्हणजे? चूक कोणाची?"

"माझी, सर. तारीख सक्तीची मी केली आणि काहीतरी टाका असंही मीच सांगितलं. भावेशने फक्त ऐकलं."

"हे लेखी द्यावं लागेल, उज्ज्वला. त्याचा पुढे काय अर्थ होईल, कळतंय ना?"

"कळतंय, सर."

"बरं. आजच्या आज दुरुस्त कर. तू एकटी करशील, मला माहीत आहे."

याच कौतुकावर तिने अकरा वर्षं काढली होती. तिने वर्गाकडे पाहिलं. भागी बोटांवर महिने मोजत होती. "लावणीत झाली नवशी. नाय, लावणी सरली व्हती."

"म्हणजे श्रावण लागला होता?" भावेशने विचारलं.

"लागला व्हता."

"आजच होईल का, ते मला नाही सांगता येणार, सर. विचारून सांगते." उज्ज्वलाने फोनवर हात ठेवला. "भागीताई, किती वेळ लागेल?"

भागीने मान वर केली नाही. "आजच्यात ठरतील ती पोरं उद्या जातील. बाकीच्या बायांना पाड्यांवरून बोलवाय लागंल. परवा आणखी एक जीप धाड म्हणावं त्याला."

उज्ज्वलाने हात काढला. "परवा आणखी एक जीप पाठवा, सर," ती म्हणाली.