रॉबर्ट थर्कटलचा बाप्तिस्मा

“सावकाश वाच, पण नीट वाच,” म्हणत एडविन थर्कटलनं चर्चची जाडजूड नोंदवही डल्सीपुढे सरकवली.

चारशे वर्षांपूर्वीचं ते वेलांट्या-वेलांट्यांचं अक्षर त्याला लागत नसे. डल्सीला लागे. त्याच्या वंशावळीसाठीच ती ते शिकली होती. रविवारी गावच्या मेळ्यात वंशावळ टांगायची होती. सगळी नावं लिहून झाली होती. डल्सीचं तेवढं नव्हतं. दीड वर्षाची असताना एडविननं तिला अनाथालयातून घरी आणलं होतं.

“कोपऱ्यात कुठेतरी लिहा ना, बाबा,” सकाळीच ती पुन्हा म्हणाली होती.

“तू माझा जीव आहेस गं. पण वंशावळ म्हणजे रक्त. तिथे मायेचं काय काम?”

आता ती वाचू लागली. “मे १५९८. रॉबर्ट, हेन्री आणि मार्जरी थर्कटल यांचा मुलगा. बाप्तिस्मा.”

एडविनच्या अंगावर काटा आला. आपला मूळपुरुष! गावात थर्कटलांचं घर एकच, आणि रॉबर्टच्या १६२९ मधल्या लग्नापासून आजपर्यंतची एकूण एक नोंद त्यानं जमवली होती.

“दफनं बघितलीत?”

“ज्याला नातवंडं झाली, तो पाळण्यात मेला का ते बघत बसू? शहाणीच आहेस!”

तिनं तरी पानं उलटली आणि एकेक नोंद वाचून दाखवली. रॉबर्ट जूनमध्येच गेला होता. १६०१ साली दुसरा रॉबर्ट झाला, तोही गेला. १६०४ चा तिसरा चार वर्षं जगला. तो गेला त्याच आठवड्यात हेन्रीलाही मूठमाती मिळाली होती. गेलेल्या लेकराचं नाव पुढच्याला द्यायची तेव्हा रीतच होती.

एडविन थक्क होऊन उभा राहिला. एवढं सोसून ही मार्जरी त्याच नावानं पुन्हा पुन्हा हाक मारायला धजली! त्याचे डोळे भरून आले.

“काय छातीची असेल गं! चौथा बघ. बाप गेल्यावर जन्मलेला असणारच. नाहीतर मी काय आभाळातून पडलो?”

डल्सीचं बोट एका ओळीवर थांबलं.

“अगं, सापडला ना? मोठ्यानं वाच की!”

“सापडला, बाबा.” ती वाचू लागली. “ऑगस्ट १६०९. दारोदार भीक मागत आलेलं पोर, वय पाचेक वर्षं, आईबाप ठाऊक नाहीत. विधवा मार्जरी थर्कटलनं पदरात घेतलं. नाव ठेवलं रॉबर्ट.”