मनगटावरचा उन्हाळा

"कागदावर नको, मनगटावर लावा," पोरगी म्हणाली.

अत्तराच्या दुकानदाराने कपाळाला आठ्या घातल्या. काउंटरवर तिची एवढीशी कुपी उभी होती, वर तिच्याच हातची चिठ्ठी: 'भर उन्हाळा'. तिने बनवलेलं पहिलंवहिलं अत्तर. हे त्याच्या फळीवर लागलं, तरच घरचे दुसरं करू देणार होते.

त्याने थेंब लावला, हुंगला आणि नाक मुरडलं. "हा उन्हाळा? नुसतं कापलेलं गवत! गुरं येतील मागे, गिऱ्हाईक नाही."

"आधी गवतच येतं, काका. अंगाची ऊब लागली की तापलेली फरशी, मग पिकलेलं फळ. तासभर थांबा."

"तुझ्यासारख्या छप्पन्न पाहिल्यात. बस पायरीवर. तासाने कुपी उचलायची आणि चालू पडायचं."

ती बसली. पायरी चटके देत होती, पण हलते कोण!

अर्ध्या तासात एक बाई आत शिरल्या आणि थबकल्या. "अगंबाई, कसला हो हा वास? लहानपणी पोहून आलो की ओल्या अंगाने गच्चीवर पडायचो ना, अगदी तसा!"

पोरीला आनंदाच्या उकळ्या फुटल्या.

दुकानदाराने साळसूदपणे मनगट पुढे केलं आणि मागच्या फळीवर धूळ खात पडलेली भलत्याच अत्तराची बाटली काढली. "हेच ते. अंगावर मुरलं की असं दरवळतं."

बाईंनी दोन घेतल्या. मागोमाग आलेल्या आजोबांनी एक. मग नवराबायकोने मिळून तीन. पोरगी बघत राहिली. उकळ्या केव्हाच थंडावल्या होत्या.

तास भरला. "काय ठरलं, काका?"

"ठरायचंय काय? गवत ते गवतच." पण मनगट अजून नाकाशीच होतं.

"बरं. हात द्या जरा."

"आणखी लावतेस? लाव, लाव."

तिने पिशवीतून कुप्या धुवायचं स्पिरिट काढलं, कापूस चिंब भिजवला आणि मनगट घट्ट धरून लाल होईस्तोवर खसाखसा पुसलं.

"अगं ए, काय करतेस!"

"माझं होतं तेवढं घेतलं."

कुपी उचलून ती पायरी उतरली, तोच एक ताई लगबगीने आत गेल्या. "मैत्रिणीने आत्ता नेलं ते अत्तर बघू!"

दुकानदाराने सवयीने हात पुढे केला. ताई वाकल्या आणि झटकन मागे सरल्या.

"शी! सुई टोचायच्या आधी लावतात तसला वास येतोय."