दोन दातांतली फट

"बाई, माजी फट कुठं गेली?"

धुळाजीनं हातातला आरसा खाली केला आणि डॉक्टर धनश्रीकडं असं बघितलं, जणू तिनं त्याच्या कळपातलं मेंढरू लपवलंय. धनश्रीला वाटलं होतं, म्हातारा खूश होईल. पुढच्या दाताची कॅप फार नामी उतरली होती. शेजारच्या दाताचा पिवळसर रंगसुद्धा तिनं बरोबर जुळवून आणला होता. आता फक्त चिकटवायची बाकी होती.

आधीच्या खेपांना तिनं दाताची मेलेली नस काढली, तुटका दात घासून खुंटाएवढा केला, माप घेतलं, तात्पुरती टोपी बसवली आणि आठ दिवस तंबाखू बंद असा दम भरला. धुळाजीनं मुकाट ऐकलं. दातांतलं त्यालाही कळत होतं. पन्नास वर्षं तो मेंढरांचे जबडे उघडून वय सांगत आला होता, आणि गेवराईच्या बाजारात त्याचा शब्द कुणी खाली पडू देत नसे.

पण त्याची सगळी कमाई होती ती वरच्या दोन दातांतल्या फटीत. त्याची शीळ तिथून निघायची. एक आखूड म्हणजे थांबा. दोन आखूड म्हणजे वळा. आणि लांबलचक, शेवटाला वर चढत जाणारी म्हणजे घरी चला. दीडशे मेंढरं त्या शिळेवर चालायची. दिवाळीनंतर एडक्यानं धडक दिली, दात अर्धा मोडला आणि शीळच गेली. फुंकलं की नुसता वारा. गेल्या महिन्यात कळप हायवेवर उधळला, धुळाजी घसा फाटेस्तोवर ओरडला, तरी चार मेंढरं ट्रकखाली गेली. त्यांच्यामागं तोही गेला असता. त्याच्या पोरानं, रामेश्वरनं, कॉलर धरून मागं ओढला म्हणून वाचला.

रामेश्वर चाळिशीचा, शांत माणूस. त्या दिवशी मात्र तो बापाची कॉलर सोडायला तयार नव्हता.

"आबा, इकून टाकू सगळी. मेंढरं परत घेता येतील. तुमी गेलात तर कुठून आणू?"

धुळाजीनं शब्द दिला, "दात बसवून बघतो. शीळ न्हाई निघाली तर खुशाल इक."

आणि आता रामेश्वर खाली रस्त्यावर व्यापाऱ्याशी फोनवर बोलत उभा होता, आणि वर या बाईनं फट बुजवून ठेवली होती.

"बाबा, लोक माझ्याकडं फट बुजवायला येतात," धनश्री म्हणाली.

"येत असतील. मला माजी परत द्या."

तिनं विचारलं, कशाला? त्यानं सगळं सांगितलं. मग कॅप काढून तिनं मशीन सुरू केलं आणि कड घासली. परत बसवली. धुळाजीनं डोळे मिटून जीभ फिरवली.

"आजून."

ती परत घासली.

"आजून थोडं. कुसळाएवढं."

तिसऱ्या खेपेला त्याची जीभ एका जागी थांबली. चेहरा सैल झाला. "बास. हीच ती."

"आत्ता वाजवून बघू नका हं. कॅप अजून सुटीच आहे, उडून जाईल," धनश्री म्हणाली. "आणि एकदा चिकटवली की मला काही बदलता येणार नाही. परत काढायची तर फोडावीच लागेल. शीळ नाही निघाली तर?"

"बाई, मेंढराचं तोंड मी अंधारात बोटांनी वाचतो. हे तर माजंच हाय. चिकटवा."

तिनं दात कोरडा केला, कॅप चिकटवली, दाबून धरली. मग निळा कागद दाताखाली देऊन चावायला लावलं, कुठं उंच लागतं का बघितलं. कुठंच लागत नव्हतं. दहा मिनिटं दोघंही भिंतीवरच्या घड्याळाकडं बघत बसली. खरं तर तिलाच आता धीर निघत नव्हता.

"बघा आता."

धुळाजी उठला, खांद्यावरची घोंगडी सारखी केली आणि खिडकी उघडली. खाली रिक्षा, उसाचे ट्रॅक्टर, फटफट्या, नुसता गोंगाट. त्यानं जीभ फटीला लावली आणि फुंकलं.

वारा निघाला.

धनश्री झटकन पुढं झाली. धुळाजी मात्र बिलकूल गडबडला नाही. नव्या दाताची ओळख नव्हती जिभेला, एवढंच. त्यानं ती जराशी मागं घेतली आणि छाती भरून लांबलचक शीळ घातली. ती गोंगाटावरून सरळ गेली आणि शेवटाला वर चढली.

"निघाली की हो बाबा," धनश्री म्हणाली. मग तिला हसू आलं. "पण मेंढरं तर तुमची तिकडं चकलांब्याला. इथं ऐकायला आहे कोण?"

तेवढ्यात जिन्यात धाडधाड पावलं वाजली. बाहेर बसलेल्या पेशंटांना ओलांडून रामेश्वर आत आला. धापा टाकत होता. एका पायात चप्पल नव्हती, ती जिन्यातच राहिली होती. हातातला फोन तसाच चालू होता.

"आलो आबा. कावून बोलवलं?"

धुळाजी त्याच्याकडं बघत राहिला.

"तुला कुठं बोलवलं रं? मी मेंढरांना शीळ घातली."

रामेश्वरनं खिडकीकडं बघितलं, बापाच्या तोंडाकडं बघितलं, मग स्वतःच्या अनवाणी पायाकडं. फोनमधून व्यापारी विचारत होता, उद्या गाडी पाठवू का?

"नका पाठवू," रामेश्वर म्हणाला. "कळप आजून शिळंवर येतो."