खाटेपाशीची ओळ

एमआरआयच्या बोगद्यात सुवार्ताबाईंचा श्वास कोंडला. हातातला रबरी फुगा दाबला की तंत्रज्ञ लगेच बाहेर काढणार होता. पण मग डोक्यातल्या गाठीचं निदान पुन्हा लांबलं असतं.

त्यांनी डोळे मिटून बायबलातलं पाठ असलेलं स्तोत्र सुरू केलं. पाठ करताना त्यांनी प्रत्येक ओळ घरातल्या एकेका जागेला बांधली होती. पहिली उंबरठ्यावर, दुसरी ओट्यापाशी. यंत्राची ठकठक वाढत गेली, तशा त्या मनातल्या घरात पुढे चालत राहिल्या.

मरणाच्या दरीतही भिणार नाही, ही ओळ नवऱ्याच्या रिकाम्या खाटेपाशी होती. एरवी ती त्या भरभर उरकायच्या. आज मात्र त्या खाटेवर टेकल्या आणि ओळ सावकाश म्हणाल्या. फुग्यावरची बोटं सैल झाली.

"झालं काकू, बाहेर घेतो," तंत्रज्ञाचा आवाज आला.

"जरा थांब बाळा, शेवटची ओळ राहिलीय."