खाडीतलं वळण

कोळशाने गच्च भरलेला कंपनीचा बार्ज धक्क्यावरून सुटला तेव्हा किनाऱ्यावरच्या बाया हसत होत्या. मागच्या खेपेला असाच एक निघाला होता आणि खाडीच्या तोंडाशी, पाण्याखालच्या रेतीवर चढून बसला होता. कंपनीला बार्जमध्ये कोळसा ओतणारा सरकता पट्टा बंद ठेवावा लागला. बोईसरकडून येणाऱ्या ट्रकांची रांग पार शाळेपर्यंत लागली, आणि बाहेर खोल समुद्रात परदेशी जहाज रिकाम्या पोटाने ताटकळत राहिलं.

कंपनीला वाट न दाखवणं, गावाच्या हातात आता तेवढंच उरलं होतं. कोळशाची भुकटी वाळत घातलेल्या बोंबलांवर बसायची आणि व्यापारी माल परत पाठवायचे. काशीबाईने घरोघर जाऊन बायांना मोर्च्याला काढलं. कंपनी ढिम्म हलली नाही. शेवटी देवळात नारळावर हात ठेवून सगळ्यांनी शपथ घेतली, की खाडीची वाट कंपनीला कुणी दाखवायची नाही. नारळ पुढे धरला होता काशीबाईच्या नवऱ्याने, रामनाथ तांडेलाने. दर पावसाळ्यात रेती जागा बदलायची, आणि तिच्यातून भरलेली बोट काढावी ती रामनाथनेच, असं सगळे म्हणायचे.

"आता चढंल बघा," बायांमधली हिरा म्हणाली.

बार्ज रेतीपाशी आला, पण चढला नाही. सरळ जाता जाता तो एकाएकी डावीकडे वळला, खडकांच्या अंगावरच गेल्यासारखा. तिथे जरा घुटमळला आणि मग हळूच तोंड फिरवून बाहेरच्या पाण्याला लागला.

ते वळण काशीबाईच्या ओळखीचं होतं. लग्नानंतर पहिल्यांदा तिला होडीत बसवून रामनाथने तिथूनच नेलं होतं. आता आपटतोय म्हणून ती किंचाळली, तर तो हसला होता. "भिऊ नको. खडकाला लागूनच पानी हाय."

आज सकाळी तो इंजिनाचं सामान आणायला पालघरला जातो म्हणून निघाला होता. तिने भाकरी बांधून दिली होती.

बाहेर पडलेला बार्ज किनाऱ्याला धरून बायांच्या समोरून गेला. सुकाणू धरलेल्या माणसाच्या शेजारी, कंपनीचं पिवळं हेल्मेट घालून, रामनाथ उभा होता. हात लांब करून तो पुढची दिशा दाखवत होता. पुढे गावातल्या लोकांची जाळी खांबांना बांधलेली होती. बार्ज त्यांच्यावरून गेला. खांब एकामागून एक आडवे झाले आणि फाटकी जाळी पाण्यावर तरंगत मागे राहिली.

बाया आता बार्जकडे बघत नव्हत्या. सगळ्या काशीबाईकडे बघत होत्या.

"तुला ठावं होतं," हिरा म्हणाली.

"नाय गं. देवाशपथ नाय."

"एका घरात राहून?" हिराने तोंड फिरवलं. "आनि आमाला उन्हातान्हात मोर्च्याला फिरवलंस."

दुपारी कंपनीच्या लाँचने रामनाथला किनाऱ्याजवळ सोडलं. काशीबाई गुडघाभर पाण्यात शिरून त्याच्या समोर उभी राहिली.

"हे काय केलंत?"

"आपल्या भिकाला पट्ट्यावर कामाला घेतायत. कायमचं." तो हलक्या आवाजात बोलत होता. "पोराचं भलं झालं का नाय? आनि मी वाट नसती दाखवली तर दुसऱ्या कुनी दाखवली असती."

"मला बोलायचं होतं."

"बोललो असतो तर तू जाऊ दिलं असतंस?"

काशीबाईने त्याचा दंड धरला. "जे झालं ते झालं. आता येवढंच करा. त्या बायांना सांगा, काशीला ठावं नव्हतं. बाकी काय नको."

रामनाथने किनाऱ्याकडे पाहिलं. बाया उभ्या होत्या. त्यांच्यामागे फाटक्या जाळ्यांची खबर लागलेले काही बाप्ये येऊन थांबले होते. रामनाथने हेल्मेट काढून काखेत घेतलं, कपाळावरचा घाम पुसला आणि सगळ्यांना ऐकू जाईल असं म्हणाला,

"घरात इचारल्याबिगर मी कदी काय केलंय का?"

काशीबाईच्या हातून त्याचा दंड सुटला. ती त्याच्या तोंडाकडे बघत राहिली. त्याने तिच्याकडे पाहिलं नाही.

बाया सकाळच्या ओल्या मासळीच्या पाट्यांकडे वळल्या. एकीने दुसरीच्या डोक्यावर पाटी दिली, दुसरीने तिसरीच्या. शेवटी राहिलेल्या हिराला एका बाप्याने हात लावला. रांग गावाकडे चालू लागली.

काशीबाईची पाटी रेतीवरच होती. तिने चुंबळ डोक्यावर ठेवली, वाकून दोन्ही हातांनी पाटी धरली. गुडघ्याच्या वर ती उचलेना.

रामनाथ पुढे आला. "सोड, मी देतो."

"हात लावू नका."

ती खाली बसली. पाटीतले ओले बोंबील ओंजळीने काढून रेतीवर टाकू लागली. मधेच उठून पाटी उचलून बघितली, पुन्हा बसली, पुन्हा टाकले. वर कावळे जमले. एकटीला उचलेल एवढी हलकी झाली तेव्हा तिने पाटी डोक्यावर घेतली.