दाराबाहेरचे कॅप्टन

दारावर तिसरी थाप पडली तेव्हा विमानाच्या कॅप्टनने मान वर करून छोट्या पडद्याकडे पाहिलं. कॉकपिटच्या दाराबाहेर काय चाललंय, ते त्यावर दिसायचं. बाहेर तिचे वडील उभे होते. अंगात घरातला स्वेटर, पायात नुसते मोजे, आणि ड्यूटीवर आलेल्या माणसाला कोणीतरी मुद्दाम बाहेर ठेवावं तसा संतापलेला चेहरा.

"दार उघडा! विमान माझं आहे!" दारातून आवाज दबका येत होता, पण जरब तीच होती.

सदतीस वर्षं त्यांनी विमानं चालवली होती. लेकीला उडायला त्यांनीच शिकवलं. गेली दोन वर्षं मात्र त्यांना काही आठवेनासं झालं होतं. प्यायलेला चहा पुन्हा मागायचे. बायकोला जाऊन सहा वर्षं झाली, तरी ती स्वयंपाकघरात आहे म्हणायचे. आता त्यांना मुलाकडे पोचवायचं होतं, तिथे चांगला डॉक्टर होता. म्हणून लेकीने हीच फेरी मागून घेतली. दोन तासांचा तर प्रवास. गोळी दिली की तीन तास हूं की चूं करत नाहीत, असा तिचा भरवसा.

आजाराबद्दल मात्र तिने कोणाला अवाक्षर सांगितलं नाही. या माणसाला पाहून मेकॅनिकसुद्धा हातातलं काम टाकून उभे राहायचे. त्याला आता बुटाची नाडी बांधता येत नाही, हे तिच्या तोंडून निघेचना. "माझे बाबा, जुने कॅप्टन आहेत," एवढंच ती म्हणाली. मग काय विचारता! केबिनमधल्या मुलींनी कौतुकाने त्यांना पहिल्या रांगेत बसवलं, कॉकपिटच्या दारापासून चार पावलांवर. मान दिला आणि तोच अंगाशी आला.

फोन वाजला. बाहेरून मुख्य हवाईसुंदरी बोलत होती. तिला धाप लागली होती.

"मॅडम, सर अजिबात ऐकत नाहीयेत. मला ढकललं त्यांनी, कोपर आपटलं माझं. तुम्ही दोन मिनिटं फक्त तोंड दाखवा. तुम्हाला पाहिलं की शांत होतील."

वडील आता दाराच्या कुलपाची आकड्यांची बटणं दाबत होते. कुठल्या तरी जुन्या विमानाच्या कुलपाचे आकडे असणार, एकेकाळी बरोबर असलेले. त्यांच्या मागे तीन प्रवासी उठून आले होते. एकाने त्यांच्या स्वेटरची कॉलर धरली होती. दुसरा मोबाइलवर शूटिंग करण्यात रंगला होता, जणू घरचं कार्य आहे. तिसरा नुसताच उभा होता, हात खिशात घालून. तो मदतीला आलाय की दार उघडायची वाट बघतोय, हे पडद्यावरून कळायला मार्ग नव्हता.

सहवैमानिकानेही पडदा पाहिला. "मॅडम, विमान मी सांभाळतो. तुम्ही जरा दारातून हाक मारा. परके थोडेच आहेत? तुमचे बाबाच आहेत."

माणूस भला होता, म्हणूनच तिला त्याचा जास्त राग आला. बाहेर गोंधळ असताना दार उघडायचं नाही, विमान जमिनीवर उतरून थांबेपर्यंत नाही, हे त्यालाही पाठ होतं. पण नियम दुसऱ्याच्या बापाला लावायला सोपे असतात. बाहेर वडिलांना कोणीतरी मागे खेचलं. त्यांचा चष्मा खाली पडला. एक बटण दाबलं की दार उघडणार होतं. मागे एकशे बासष्ट माणसं बसली होती.

"त्यांना बांधा," ती फोनवर म्हणाली.

"मॅडम?"

"प्लॅस्टिकच्या पट्ट्या आहेत ना, त्या वापरा. सगळ्यात मागच्या सीटवर न्या. त्यांना विसरण्याचा आजार आहे गं. मी आधी सांगायला हवं होतं, चूक माझी आहे. पण दार उघडणार नाही."

तिने सगळं पाहिलं. डोळे मिटायची सोय नव्हती. चार-पाच हात पुढे आले, पट्ट्या आवळल्या गेल्या. नेताना वडिलांनी एकदा मान वळवून थेट कॅमेऱ्याकडे पाहिलं. मग पडद्यावर नुसतं दार उरलं. पुढची चाळीस मिनिटं तिने विमान चालवलं आणि अलगद उतरवलं. हात जरासुद्धा थरथरले नाहीत. त्याचीच तिला शरम वाटत राहिली.

शेवटचा प्रवासी उतरल्यावर ती बाहेर आली. मुली खाली माना घालून उभ्या होत्या.

मागच्या सीटवर वडील बसले होते. केस विस्कटलेले, मनगटं लाल झालेली. ती गुडघ्यांवर बसली आणि कात्रीने पट्ट्या कापू लागली. "बाबा, चुकले मी," ती म्हणाली आणि तिला रडू फुटलं. त्यांनी तिच्या खांद्यावरच्या कॅप्टनच्या चार सोनेरी पट्ट्या पाहिल्या, मग तिचा चेहरा पाहिला. ओळख लागली नाही. त्यांनी इकडेतिकडे बघून तिला जवळ यायची खूण केली.

"अहो मॅडम," ते हळूच म्हणाले, "मघाशी एक म्हातारा पुढचं दार वाजवत होता. उघडलं नाहीत ना? आत माझी मुलगी आहे."